वानखडेकाकूंचं घर

वानखडेकाकू बंद पाकीट घरात नेत नसत. पोस्टाची गाडी गल्लीतून पुढे सरकली की त्या बाहेर येत, मेलबॉक्स उघडत आणि तिथेच, ड्राइव्हवेच्या टोकाला उभ्या राहून एकेक पाकीट कापत. पायात नवऱ्याचे बर्फातले बूट, गाउनवर चढवलेला जाड कोट, हातात शिवणकामाची छोटी कात्री. मिशिगनच्या जानेवारीत सुद्धा यात बदल नसे. जाहिराती निळ्या डब्यात जात. उरलेले कागद वरपासून खालपर्यंत वाचून झाले की मगच त्या वळून आत जात.

ट्रॉयमधल्या त्या गल्लीत आमचं घर त्यांच्या समोर होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हा कार्यक्रम दिसे. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, की समोरच्या आजींचं सगळं ठीक आहे ना. ठीक होतं. पण त्याआधी काय झालं होतं ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

आम्ही पुण्याहून त्या घरात आलो तेव्हा काका हयात होते. मधुकर वानखडे. अमरावतीकडचे, आयटीआय करून इकडे आलेले. गाड्यांच्या भागांचे साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षं काम केल्यावर त्यांनी स्वतःचा छोटा वर्कशॉप काढला होता, आणि तो बुडाला होता. मूलबाळ नव्हतं. आम्ही आलो त्या वर्षी त्यांना वॉकर घेऊन चालावं लागत होतं, नाकात ऑक्सिजनची नळी असे. तरी टपाल आणायला ते स्वतःच येत. काकूंनी हात पुढे केला तर रागावत. मला वाटे, माणूस शिस्तीचा आहे. सहा महिन्यांनी, ऑक्टोबरात, ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी काकूंचा फोन आला, की जरा येऊन जाशील का. मी गेले तर त्या तळघराच्या जिन्यावर बसल्या होत्या. काकांच्या हत्यारांचं लोखंडी कपाट उघडं होतं. त्याचा सगळ्यात खालचा खण त्यांनी पूर्ण बाहेर ओढून मांडीवर घेतला होता. त्यात पाकिटं होती, तारखेप्रमाणे लावलेली, एकही न उघडलेलं. सिटीची होती, काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा कार्यालयाची होती. घरावरच्या टॅक्सची उन्हाळ्यातली बिलं, हिवाळ्यातली बिलं, मग स्मरणपत्रं, मग पिवळ्या कागदाच्या नोटिसा. जवळजवळ तीन वर्षांची.

आम्ही दोघींनी जिन्यावर बसूनच ती उघडली. शेवटच्या नोटिशीत लिहिलं होतं, की येत्या मार्चअखेर थकबाकी भरली नाही तर घर काउंटीच्या ताब्यात जाईल. घराचं कर्ज कधीच फिटलेलं होतं. त्या टॅक्सपायी तेच घर जाणार होतं.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी पाकिटं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "चांगली लावून ठेवली यायनं."

वऱ्हाडातल्या बायका बोलतात तशा त्या स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' म्हणत आणि नवऱ्याचा उल्लेख 'हे' आणि 'यायनं' असा करत. इंग्रजीसुद्धा त्याच चालीत असे, लहान लहान वाक्यांचं, आणि ते सगळ्यांना समजे. पंचवीस वर्षं त्यांनी एका ड्रायक्लीनरकडे कपडे लहानमोठे करून देण्याचं काम केलं होतं. मालक रोख पैसे देई, त्यामुळे सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, दप्तरी ती पंचवीस वर्षं जवळजवळ नव्हतीच. काका गेल्यावर त्यांच्या नावाची थोडी रक्कम काकूंना मिळू लागली आणि ती फारच कमी म्हणून वर सरकारचा पूरक भत्ता. त्याशिवाय औषधपाण्यासाठी मेडिकल कार्ड आणि किराण्यासाठी फूड कार्ड. इंडियन ग्रोसरीत त्या तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ काउंटरवर ठेवून ते कार्ड सरळ पुढे करत. मागे इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या बायका उभ्या असल्या तरी. एकदा मीच नजर दुसरीकडे वळवली, आणि नंतर त्याची मला लाज वाटली.

नोटिशीनंतरच्या आठवड्यात त्या दोन बस बदलून काउंटीच्या ऑफिसात गेल्या. मी रजा काढते म्हटलं तर नको म्हणाल्या. खिडकीतल्या बाईने त्यांचे कागद पाहिले आणि विचारलं, की तुम्ही हार्डशिपचा फॉर्म कधी भरलाय का. ज्यांचं उत्पन्न फार कमी आहे त्यांना राहत्या घरावरचा टॅक्स माफ करण्याची सोय कायद्यात आहे. पण ती आपोआप मिळत नाही. दरवर्षी अर्ज करावा लागतो आणि मार्चमध्ये आपल्या सिटीच्या समितीपुढे तो मांडावा लागतो. ती सूट मिळाली, तर मागच्या थकबाकीवरचं व्याज माफ करून काउंटी हप्ते बांधून देऊ शकेल. नाही मिळाली तर मार्चअखेर.

काकू घरी आल्या आणि कामाला लागल्या. त्यांच्याकडे ब्लाउज बेतायच्या कागदी नमुन्यांची मोठी खाकी पाकिटं होती. त्यांवरची गिऱ्हाइकांची नावं खोडून त्यांनी 'सिटी', 'बँक', 'भत्ता', 'घराचा कागद' असं लिहिलं. फॉर्मची आठ पानं होती. अडलेला शब्द असला की त्या मला फोन करून विचारत, पण भरू देत नसत. तू भरलास तर समितीने विचारल्यावर मी काय सांगणार, असं त्यांचं म्हणणं.

एका पानावर मालमत्तेचा तक्ता होता. गाडी, बोट, शेअर, दागिने. काकूंनी तिथे लिहिलं होतं, सोन्याच्या दोन बांगड्या, आईच्या. मी म्हटलं, काकू, अंगावरच्या बांगड्या कोण लिहितं? उगाच त्यावरून अर्ज नामंजूर व्हायचा.

"रकाना आहे न तिथं," त्या म्हणाल्या. "त्यायनं विचारलं, मी सांगितलं."

जानेवारीत मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम झाला. तिळगूळ, हळदीकुंकू, मुलांची गाणी. मध्येच सेक्रेटरी प्रसाद माइकवर आला आणि म्हणाला, की आपल्या एका ज्येष्ठ भगिनीचं घर संकटात आहे, प्रत्येकाने फूल ना फुलाची पाकळी द्यावी. नाव घेतलं नाही. हॉलमधल्या सगळ्या माना एकाच खुर्चीकडे वळल्या. काकूंनी वाटीतले तिळाचे लाडू संपवले, वाटी नेऊन ठेवली आणि कोट घालून माझ्या गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

आठवड्याने प्रसाद चेक घेऊन त्यांच्याकडे आला. मी ब्लाउजचं माप द्यायला तिथेच होते. प्रसाद मनाने चांगला मुलगा, मूळचा नाशिकचा, कुणाचं सामान हलवायचं असलं तरी पहिला हजर. काकूंनी त्याला चहा दिला, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि 'भत्ता' लिहिलेल्या पाकिटातून एक कागद काढला. काही ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या. त्यांनी त्याला समजावलं, की कुणी रोख पैसे दिले तर सोशल सिक्युरिटीवाले ते काकूंचं उत्पन्न धरतात आणि भत्ता कापतात. कुणी परस्पर घराचं बिल भरलं तरी कापतात.

प्रसादला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "पण काकू, त्यांना सांगायला कोण जातंय?"

"मी," काकू म्हणाल्या. "दर महिन्याले मीच फोन करतो."

ते खरं होतं. कुणाचा ब्लाउज शिवला, कुणाची पँट लहान केली, त्याचे चाळीस डॉलर आले की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या सोशल सिक्युरिटीला फोन करून कळवत. कधी कधी तासभर फोन कानाला लावून बसत. तेवढ्या वेळात त्यांची हुकं-काजं करून होत.

प्रसादचा चेहरा पाहून त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "जेवणाचं नाही धरत ते आता. नियम बदलला. जेवाले बोलवा, मी येतो."

मंडळातल्या घरांनी ते मनावर घेतलं. काकूंच्या कॅलेंडरवर वारांपुढे आडनावं लिहिली गेली. आमच्याकडे गुरुवार होता. त्या वेळेवर येत, पोटभर जेवत, मीठ कमी असलं तर कमी आहे म्हणत आणि डबा भरून दिला तर नेत नसत. जेवायला बोलावलंय, एवढंच ठरलंय, असं म्हणत. माझ्या मुलीशी त्या मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघींचं बरं चाले.

समितीपुढची तारीख मार्चमधली होती. त्या दिवशी गारांसारखा बर्फ पडत होता, म्हणून त्यांनी मला गाडी काढू दिली. सिटीच्या इमारतीत एका साध्या खोलीत लांब टेबलामागे तिघं जण बसले होते. गावातलेच रहिवासी. मधोमध पांढऱ्या केसांच्या एक बाई, त्यांच्या एका बाजूला चौकड्यांच्या शर्टातले एक निवृत्त गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एक तरुण माणूस, तो सगळं लिहून घेत होता. मी मागच्या खुर्चीवर बसले. काकूंनी हिरवी सुती साडी नेसून वर कोट घातला होता. कोट त्यांनी काढला नाही.

निवृत्त गृहस्थांनी कागद उलटले आणि विचारलं, की तुमच्या घराला आज चांगली किंमत येईल, मग तुम्ही ते विकत का नाही. स्वरात कुत्सितपणा नव्हता. प्रश्न सरळ होता आणि मलाही तो कधीतरी पडला होता.

काकूंनी उत्तर बहुतेक आधीच इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "घर विकलं की पैसे येतील. पैसे आले की माझा भत्ता बंद, मेडिकल कार्ड बंद. मग मी भाड्याने राहीन. भाडं या टॅक्सपेक्षा खूप जास्त आहे. थोड्या वर्षांत पैसे संपतील आणि मी परत सरकारकडे येईन. तेव्हा मी आणखी म्हातारी असेन आणि माझ्याकडे घर नसेल."

तरुण माणसाचं लिहिणं थांबलं होतं. निवृत्त गृहस्थांनी मान हलवली आणि पुढचं पान काढलं. बांगड्यांची नोंद त्यांनी वाचली. किंमत किती, म्हणून विचारलं.

आजचा भाव ठाऊक नाही, असं काकूंनी सांगितलं. मग त्या बांगड्या काढायला लागल्या. बोटांचे सांधे सुजलेले असल्यामुळे निघेनात. उजव्या हातातली एक कशीबशी निघाली. ती टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "हिच्यासारखी दुसरी आहे. ती निघत नाही. वजन करा."

पांढऱ्या केसांच्या बाईंनी बांगडी बोटाने हळूच परत सरकवली. म्हणाल्या, मॅडम, ही घाला परत, प्लीज. काकूंनी ती उचलली, पण ती हातात परत जाईना. शेवटी मुठीतच धरून त्या उठल्या. गाडीत बसल्यावर मी पर्समधून हँड क्रीम काढून दिलं. पार्किंग लॉटमध्ये इंजिन चालू ठेवून आम्ही दोघी ती बांगडी चढवत होतो. ती चढली तेव्हा काकू म्हणाल्या, "आईनं पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काहून काढली?"

आठ दिवसांनी निकालाचं पत्र आलं. ते त्यांनी ड्राइव्हवेच्या टोकाला तीनदा वाचलं. मी खिडकीतून पाहत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग त्या रस्ता ओलांडून आमच्या दाराशी आल्या. त्या वर्षीचा निम्मा टॅक्स माफ झाला होता. काउंटीने जुन्या थकबाकीचे हप्ते बांधून दिले. माझा आनंद पाहून त्या म्हणाल्या, निम्मा बाकी आहे न अजून.

तो त्यांनी थोडा थोडा भरला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भत्ता जमा झाला की त्या सिटी हॉलमध्ये चालत जात आणि जमेल तेवढे भरून पावती घेत. पुढच्या वर्षी परत अर्ज केला, परत समितीपुढे उभ्या राहिल्या, आणि त्या वर्षी पूर्ण माफी मिळाली. बांगड्यांची नोंद याही फॉर्मवर होती.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वॉल्टर नावाचे एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत. बायको गेल्यापासून ते कुणाशी बोलत नसत. काकूंच्या लक्षात आलं, की त्यांचा मेलबॉक्स गच्च भरलाय आणि झाकण बंद होत नाहीये. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी त्या कात्री घेऊन त्यांच्या उघड्या गॅरेजात जाऊन उभ्या राहिल्या. वॉल्टरनी 'मला काही नको आहे' म्हणून सांगितलं. काकू इंग्रजीत म्हणाल्या, "तू उघडू नको. मी उघडते. तू कॉफी कर."

मला हे त्यांनीच सांगितलं, सहज, पालक निवडता निवडता. वॉल्टरनी खरंच कॉफी केली. घरात अजून एक पोतंभर पाकिटं होती. चार दुपारी गॅरेजातल्या घडीच्या खुर्च्यांवर बसून काकूंनी ती सगळी उघडली आणि ढीग लावले. इथे मात्र उशीर झाला होता. रक्कम मोठी होती, आणि वॉल्टरचं पेन्शन त्या सवलतीच्या मर्यादेत बसत नव्हतं. काकू त्यांना घेऊन काउंटीच्या त्याच खिडकीपाशी जाऊन आल्या. मग त्यांनी वॉल्टरना घर ताबडतोब विकायला लावलं, ताबा जाण्याआधी. त्यामुळे टॅक्स वजा जाऊन उरलेले पैसे तरी त्यांच्या हातात आले. वॉल्टर ओहायोला बहिणीकडे गेले. जाताना त्या घडीच्या खुर्च्यांपैकी एक त्यांनी काकूंच्या दाराशी आणून ठेवली.

तो आमचा गुरुवार होता. जेवण झाल्यावर काकू टेबलाशी बसून राहिल्या. काकांबद्दल त्या सहसा बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"मी लय विचार केला, वैशाली. यायनं मले सांगितलं असतं तर मी रागावलो असतो का? रागावलो असतो. दोन दिवस बोललो नसतो." त्यांनी टेबलावरचे मिठाचे कण बोटाने गोळा केले. "मग बसून उघडलं असतं दोघांनी. दोन दिवसांसाठी हे तीन वर्षं एकटे राह्यले त्या खणापाशी."

मी ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली.

वॉल्टरची गोष्ट गल्लीत पसरली आणि मग गल्लीबाहेर. लायब्ररीतल्या एका टेबलाशी काकू मंगळवारी दुपारी बसू लागल्या. कुणी त्यांना नेमलं नव्हतं. एक रुमानियन जोडपं येई, डायलिसिसवरची एक गुजराती बाई येई, कारखान्यातून कमी केलेला एक माणूस येई. काकू त्यांचा फॉर्म भरत नसत, कुठला कागद कुठे लावायचा ते दाखवत. पैसे घेत नसत. एका बाईने बकलावा मिठाईचा डबा आणला तो मात्र घेतला, जेवणाचं धरत नाहीत म्हणून.

त्यानंतर माझ्या नवऱ्याला न्यू जर्सीत नोकरी मिळाली आणि आम्ही वेस्ट विंडसरला आलो. फोनवर बोलणं होई, पण त्या फार बोलत नसत. दीड वर्षाने प्रसादचा फोन आला, की काकू गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. त्यांचा सगळा टॅक्स भरलेला होता. घर विकून आलेले पैसे अमरावतीला त्यांच्या बहिणीला मिळाले. आता त्या घरात एक तरुण जोडपं राहतं असं ऐकते. त्यांनी स्वयंपाकघर पाडून मोठं केलंय.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आम्ही ट्रॉय सोडलं त्या आठवड्यात. आमचं घर विकल्याचा एक कागद द्यायला मी सिटी हॉलमध्ये गेले होते. मार्चचे दिवस होते. समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर काकू बसल्या होत्या. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली, माझ्याहून लहान दिसणारी एक बाई होती. तिच्या कागदांची फाइल काकूंनी आपल्या मांडीवर घेतली होती. मला पाहून त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून. तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं. बाई उठेना. काकूंनी फाइल तिच्या हातात दिली, कोपराला धरून तिला उभं केलं आणि दोघी आत गेल्या.

मी थोडा वेळ थांबले. घरी सामानाचा ट्रक यायचा होता, त्यामुळे फार थांबता आलं नाही. दार अर्धवट उघडं होतं. आतल्या कुणीतरी काकूंना विचारलं असावं, की बोलणार कोण, तुम्ही का.

"मी नाही," काकूंचा आवाज आला. "घर तिचं आहे. ती बोलेल. मी इथे बसते."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने त्या बाईने बोलायला सुरुवात केली.